‘अबाउट’वरची फुली

दिवाळी होऊन गेली होती. साताऱ्याला भावाच्या ओसरीवर आम्ही तिघं शेंगा फोडत बसलो होतो : माझा थोरला भाऊ, माझी लेक आणि मी. भावाने उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं, मी मराठी. लेक पुण्यात एका क्लासमध्ये मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना बोलण्याचं इंग्रजी शिकवते. अशा घरात शेंगासुद्धा मुकाट्याने फोडल्या जात नाहीत.

लेकीने मुलांच्या सरावाच्या कागदांचा गठ्ठा बरोबर आणला होता. वरच्याच कागदावर वाक्य होतं : ‘वुई विल डिस्कस अबाउट द प्रोजेक्ट ऑन मंडे.’ भावाचा हात सुपातून निघाला तो थेट खिशातल्या लाल पेनाकडे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पेन अजून खिशातच असतं. त्याने ‘अबाउट’वर फुली मारली.

“मामा, तो कागद तुझा नाही.”

“चूक माझ्या ओळखीची आहे. ‘डिस्कस’ सकर्मक आहे, बयो. त्याचं कर्म त्याला खेटून बसतं. मध्ये ‘अबाउट’ कशाला?”

“पुण्यातल्या निम्म्या ऑफिसांत असंच बोलतात. कुणाचं काही अडत नाही. आणि माझ्याकडे ही पोरं तीन महिने असतात. पहिल्या दिवशी सकर्मक-अकर्मक म्हटलं की त्यांची तोंडं बंद. ती पुन्हा उघडायला मला महिना लागतो.”

“वर्गाच्या पहिल्या दिवशी मी फक्त एक युक्ती सांगायचो. क्रियापदाला विचारा, काय? कोणाला? उत्तर आलं की ते कर्म. एवढ्याने तोंड बंद होतं?”

ही युक्ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. मीही सांगितली आहे. त्यामुळे लेक पुढे काय बोलणार हे कळून मी जरा सावरून बसले.

“ठीक. ‘ही बिकेम अ डॉक्टर.’ काय झाला? डॉक्टर. म्हणजे डॉक्टर हे कर्म?”

“कर्म नाही, पूरक.”

“पण तुझ्या प्रश्नाला उत्तर तर आलं!”

“मग पुढची पायरी. ‘ही मेट अ डॉक्टर’मध्ये माणसं दोन. भेटणारा एक, डॉक्टर दुसरा. ‘ही बिकेम अ डॉक्टर’मध्ये माणूस एकच. कर्त्याचंच दुसरं नाव क्रियापदाच्या पलीकडे आलं, तर ते पूरक. वेगळी वस्तू किंवा वेगळा माणूस आला, तर कर्म.”

“‘ही हर्ट हिमसेल्फ.’ त्याने स्वतःलाच लावून घेतलं. माणूस एकच. पूरक म्हणू?”

भावाने एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. “नाही. ते कर्मच.” मग जरा चिडून म्हणाला, “प्रयोग बदलून बघ. कर्म असेल तर ते उचलून पुढे आणता येतं. ‘द डॉक्टर वॉज मेट बाय हिम.’ बोजड आहे, पण चालतं. ‘अ डॉक्टर वॉज बिकम बाय हिम’ म्हणून बघ. जीभ अडखळते.”

“‘आय हॅव अ सायकल.’ सायकल म्हणजे मी नव्हे, ती वेगळी वस्तू. ‘अ सायकल इज हॅड बाय मी’ म्हणतोस? ‘शी रिझेम्बल्स हर मदर.’ इथेही माणसं दोन, आणि प्रयोग बदलत नाही. युक्त्या तीन झाल्या, मामा. तिन्हींना भोकं.”

माझ्या मते इथे भाऊ हरला नव्हता. एकेक चाळणी घेतली तर तिला भोकं असणारच, ती चाळणीच आहे. तीन एकावर एक धरल्या की फार थोडे खडे खाली पडतात. पण हे मी मोठ्याने बोलले नाही. भाऊ उठून आत गेला आणि चिकटपट्ट्यांनी जोडलेलं ‘रेन आणि मार्टिन’ घेऊन आला.

हे पुस्तक १९३५च्या सुमाराचं. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ या फ्रेंच फॉरिन लीजनवरच्या कादंबरीने १९२४ साली गाजले. वाळवंटातल्या सोजिरांच्या गोष्टी लिहिणाऱ्या माणसाने आपल्या तीन पिढ्यांना क्रियापदांची कवायत शिकवली, याची मला नेहमी गंमत वाटते.

“मला माहितीये हे पुस्तक,” लेक म्हणाली. “मूळ लिहिलं ते इथल्या इंग्रज साहेबांच्या मुलांसाठी. त्या मुलांच्या कानात इंग्रजी आधीच होतं, मामा. त्यांना फक्त नावं द्यायची होती, हे कर्म, हे पूरक. माझ्या पोरांच्या कानात ते नाहीच. घरात नसलेल्या भांड्यांवर नावं कशी घालायची?”

भाऊ गप्प झाला. मुद्दा बिनतोड होता. पण तीस वर्षं खडू झिजवलेला माणूस इतक्यात माघार घेत नाही.

“बरं, साहेबाची पोरं राहू देत. हॉर्न्बी घे. तो १९२४मध्ये जपानला शिकवायला गेला. जपानी माणसाचं क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी. त्या पोरांच्याही कानात इंग्रजी नव्हतं. त्यांच्यासाठी त्याने शब्दकोश केला, १९४२ला टोकियोत छापला, १९४८ला ऑक्सफर्डने काढला. आज तू वापरतेस तो ऑक्सफर्डचा कोश त्याचाच वंशज. त्यात प्रत्येक क्रियापदापुढे ते कोणत्या साच्यात बसतं हे लिहिलं. साचे किती? पंचवीस.”

“पंचवीस! आणि तू मला मुलांची तोंडं उघडायला सांगतोस?”

“त्याच्या आधी अनियन्स या व्याकरणकाराने १९०४मध्ये पाचांत भागवलं होतं. जपानी शाळांत अजून तेच पाच चालतात. एकटं क्रियापद. क्रियापद आणि पूरक. क्रियापद आणि कर्म. दोन कर्मं. कर्म आणि त्याचं पूरक. संपलं.”

“मग क्वर्क आणि मंडळींनी सात का केले?”

भावाने डोळे बारीक केले. व्याकरण नको म्हणणारी भाची क्वर्कचं नाव घेते, हे त्याला अपेक्षित नव्हतं. मला होतं. ती रात्री काय वाचते ते मला दिसतं.

“‘पुट’मुळे,” तो म्हणाला. “‘ही पुट द बुक’ एवढंच म्हटलं तर इंग्रज माणूस तोंडाकडे बघत राहतो. कुठे? ‘ऑन द टेबल’ म्हटल्याशिवाय वाक्य मिटत नाही. आणि ‘ऑन द टेबल’ हे ना कर्म, ना पूरक. ते स्थळ. त्याच्यासाठी वेगळे कप्पे करावे लागले.”

“आणि मराठीत ‘त्याने पुस्तक ठेवलं’ एवढं म्हटलं तरी भागतं,” मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. शेंगा फोडणारी बाई बोलली म्हणून. पण आता तोंड उघडलंच होतं, म्हणून पुढचंही सांगून टाकलं.

मराठीच्या वाक्यपृथक्करणात विधानपूरक नावाचा एक रकाना असतो. मुलं तो बहुधा रिकामा सोडतात. मी त्यांना म्हणायचे, क्रियापद ‘आहे’, ‘झाला’, ‘दिसते’ असं लंगडं असेल तर त्याची काठी शोधा. आणि ती काठी मराठीत लपून राहत नाही, कारण तिचं रूप फिरतं. भिंत पांढरी झाली, घर पांढरं झालं, वाडा पांढरा झाला. कर्माचं पूरकही तसंच : भिंत पांढरी केली, घर पांढरं केलं, वाडा पांढरा केला. हे ‘पांढरी-पांढरं-पांढरा’ कुणाच्या मागे चाललंय ते पाहिलं, की पूरक कुणाचं ते कळतं. इंग्रजीत ‘व्हाइट’ जागचं हलत नाही. लिंग नाही, वचन नाही. खूण पुसलेली. म्हणून तिथल्या व्याकरणवाल्यांना इतक्या युक्त्या शोधाव्या लागल्या.

“म्हणजे काय म्हणतेस, आई?”

“तुझी पोरं ‘शी लुक्स हॅपिली’ लिहितात ना?”

“लिहितात. ‘सिंग्ज स्वीटली’ला ‘ली’ लागतो, म्हणून ‘लुक्स’लाही लावतात.”

“त्यांना विचार, ‘ती आनंदाने दिसते’ म्हणाल का? एकही मराठी पोर म्हणणार नाही. ‘आनंदी दिसते.’ मग इंग्रजीतही विशेषणच, ‘हॅपी’. नियम शिकवायलाच नको. तो त्यांच्या घरातच आहे, शेंगांच्या पोत्यामागे पडलेला.”

लेकीने गठ्ठ्यातला एक कागद उलटा केला आणि त्यावर काहीतरी लिहून घेतलं. भाऊही पुढे सरकला. मग आम्ही तिघं बराच वेळ त्याच खेळात रमलो, कारण तो खरोखर मजेचा होता. ‘टेस्ट’ घ्या. ‘द कुक टेस्टेड द सूप’, आचाऱ्याने सूप चाखलं. ‘द सूप टेस्ट्स सॉल्टी’, सूप खारट लागतं. इंग्रजीत क्रियापद एकच, मराठीत दोन, चाखणं आणि लागणं. पहिल्यात सूप कर्म, दुसऱ्यात ‘सॉल्टी’ पूरक. ‘स्मेल’ तसंच, फुलाचा वास घेणं वेगळं आणि फुलाला वास येणं वेगळं. ‘ग्रो’ तर तीन घरचा पाहुणा. ‘द बॉय ग्रू’, पोरगा वाढला. ‘ही ग्रोज ब्रिंजल्स’, तो वांगी पिकवतो. ‘ही ग्रू अँग्री’, तो चिडला. अकर्मक, सकर्मक आणि पूरकवालं, तिन्ही एकाच अंगरख्यात. ‘शी वेंट होम’मध्ये चाललेलं ‘गो’ ‘द मिल्क वेंट बॅड’मध्ये कुठेच जात नाही. तिथे दूध नासतं.

“म्हणूनच मी म्हणते, क्रियापदांच्या याद्या पाठ करून घेऊ नका,” लेक म्हणाली. “सकर्मक-अकर्मक ही क्रियापदाची जात नसते. वाक्यात ते आज कोणतं काम करतंय, तेवढंच खरं.”

“हे मला पटलं,” भाऊ म्हणाला. त्याच्या तोंडून हे तीन शब्द मी वर्षातून एकदा ऐकते.

तोवर भावजय चहा घेऊन आली. ट्रे ठेवताना एक कप कलंडला आणि फरशीवर पडून दोन तुकडे झाले. “कप फुटला,” ती म्हणाली आणि केरसुणी आणायला आत गेली.

“बघ,” भाऊ तिच्या पाठीकडे बघत म्हणाला. “‘मी कप फोडला’ म्हणाली का? नाही. फुटणं आणि फोडणं, मराठीत चोराला पळायला वेगळी वाट आहे. इंग्रजीत दोन्ही ‘ब्रेक’च. ‘द कप ब्रोक’, ‘आय ब्रोक द कप’.”

“मला ऐकू येतंय हं,” आतून आवाज आला.

पडणं-पाडणं, मरणं-मारणं, सुटणं-सोडणं, तुटणं-तोडणं : आपल्याकडे या जोड्यांचा सुकाळ आहे. इंग्रजीत त्या जवळजवळ संपल्या, थोड्या उरल्या. ‘फॉल’ म्हणजे पडणं आणि झाड ‘फेल’ करणं म्हणजे पाडणं. ‘सिट’ आणि ‘सेट’, ‘लाय’ आणि ‘ले’, ‘राइझ’ आणि ‘रेझ’. ‘ड्रेंच’ म्हणजे मुळात ‘ड्रिंक’ करायला लावणं, पाजणं. आज त्याचा अर्थ भिजवणं झाला. संस्कृतातलं सादयति आणि इंग्रजीतलं ‘सेट’ ही तर एकाच मूळ शब्दाची दोन रूपं आहेत. एवढी जुनी सोयरीक असूनही तिकडे जोड्या मोडल्या आणि इकडे टिकल्या. ‘आय विल ले डाउन फॉर अ व्हाइल’ असं जन्माने इंग्रजी बोलणारेही सर्रास म्हणतात, हे लेकीने मोठ्या समाधानाने सांगितलं.

पण चहा संपता संपता गाडी पुन्हा ‘डिस्कस अबाउट’वर आली, आणि इथे मला माझंच बोलणं आवरतं घ्यावं लागलं. पूरकाच्या बाबतीत मराठी कानावर डोळे मिटून विसंबावं. कर्माच्या बाबतीत तोच कान दगा देतो. मराठीत आपण प्रकल्पाबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. मुलीशी लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ हर’. स्टेशनला पोचतो, म्हणून ‘रीच्ड टू स्टेशन’. खोलीत शिरतो, म्हणून ‘एंटर्ड इन द रूम’. प्रत्येक चुकीमागे एक शुद्ध मराठी वाक्य उभं आहे. उलटही होतं. ‘माझं ऐक’ म्हणताना आपल्याला ‘टू’ लागत नाही, म्हणून मुलं ‘लिसन मी’ म्हणतात. ‘माझी वाट बघ’चं ‘वेट मी’ होतं. तिथे इंग्रजीला ‘फॉर’ हवा असतो.

“आणि ‘एक्स्प्लेन मी’,” लेक म्हणाली. “गठ्ठ्यात प्रत्येक तिसऱ्या कागदावर आहे. ‘टेल मी’ चालतं, ‘शो मी’ चालतं, ‘गिव्ह मी’ चालतं. मग ‘एक्स्प्लेन मी’ने काय घोडं मारलं?”

“काय मारलं?” भावाने विचारलं. त्याला खरंच हवं होतं उत्तर. शाळेत तो एवढंच सांगत असे, नाही चालत म्हणजे नाही चालत.

“‘टेल’, ‘शो’, ‘गिव्ह’, ‘सेंड’ हे इंग्रजीचे घरचे, जुने शब्द. त्यांच्यापुढे दोन कर्मं शेजारी शेजारी बसतात, आधी माणूस, मग वस्तू. ‘एक्स्प्लेन’, ‘डोनेट’, ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘अनाउन्स’ हे लॅटिनच्या गोतातले, उशिरा आलेले. त्यांच्याकडे माणूस ‘टू’चं बोट धरूनच येतो. ‘एक्स्प्लेन इट टू मी.’ लायब्ररीला पुस्तकं ‘गिव्ह’ करताना ‘टू’ लावा नाहीतर नका लावू, ‘डोनेट’ करताना लावावाच लागतो.”

“‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ कुठले मग? तेही लॅटिनचेच. ‘ही ऑफर्ड मी टी’ चालतं.”

“ते अपवाद.”

“अपवाद!” भाऊ हसायला लागला. “व्याकरण नको म्हणणाऱ्यांच्या नियमालाही अपवाद असतात तर.”

मग त्याने हॉटेलातला जुना विनोद सांगितला. एक गिऱ्हाईक वेटरला म्हणतं, ‘कॉल मी अ टॅक्सी’. वेटर म्हणतो, ‘ओके सर, यू आर अ टॅक्सी’. गिऱ्हाइकाला दोन कर्मं हवी होती, वेटरने दुसऱ्याला पूरक केलं. हा विनोद मराठीत सांगून बघा, होतच नाही. ‘माझ्यासाठी टॅक्सी बोलाव’ आणि ‘मला टॅक्सी म्हण’ यांत आपला गोंधळ उडायला जागाच नाही. पण आपल्यालाही एक खोड आहे. ‘मी रामाला पुस्तक दिलं’ आणि ‘मी रामाला पाहिलं’, दोन्हीकडे ‘ला’. पहिला राम अप्रत्यक्ष कर्म, दुसरा प्रत्यक्ष, आणि कपडे एकच. इंग्रजीने हजार वर्षांपूर्वीचे विभक्तीचे प्रत्यय बहुतेक टाकून दिले आणि सगळी मदार जागेवर ठेवली : कोण आधी, कोण नंतर. त्यामुळे तिथे शब्द हलवला की नातं बदलतं. आपल्याकडे शब्द हलवला तर जोर बदलतो. ‘पुस्तक मी रामाला दिलं’ म्हटल्याने राम काही पुस्तक होत नाही.

“मग फुली बरोबर होती ना?” भावाने विचारलं.

“मुलाखतीच्या कागदावर बरोबर. तिथे समोरचा माणूस मोजून मापून बघत असतो. पण पोराने हे वाक्य तोंडाने म्हटलं असतं तर मी अडवलं नसतं. बोलू दिलं असतं आणि माझ्या उत्तरात ‘येस, लेट्स डिस्कस इट’ म्हटलं असतं. दहा वेळा कानावर पडलं की ‘अबाउट’ आपोआप गळतो.”

“आणि नाही गळला तर?”

“तर नाही गळला. हॉटेलात वाढणारा पोरगा नुसतं ‘एन्जॉय’ म्हणून निघून जातो. तुझ्या रेनसाहेबाने विचारलं असतं, काय एन्जॉय? कर्म कुठाय? तरी इंग्लंड-अमेरिकेत सगळे म्हणतात.”

“तिथले म्हणाले की बदल, आणि साताऱ्याचा म्हणाला की चूक. हे मला ठाऊक आहे गं,” भाऊ म्हणाला. आवाज जरा उतरला होता. “म्हणूनच मी फुल्या मारल्या. माझ्या पोरांना कुणी हसू नये म्हणून. नोकरीच्या जागी त्यांची चूक कुणी बदल म्हणून पदरात घेणार नव्हतं.”

लेक काही बोलली नाही. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, त्याआधी पाचवीपासून. भावाकडे आठवीत येणाऱ्या पोरांनी तीनच वर्षं ती भाषा पाहिलेली असे, तीही फळ्यावर. हे तिला माहीत आहे.

वातावरण जड झालं, म्हणून मी म्हटलं, आता एक मराठी वाक्य घ्या. ‘मला आंबा आवडतो.’ कर्ता कोण?

“मी,” लेक चटकन म्हणाली. “आय लाइक मँगोज.”

“धातूला ‘णारा’ लाव. आवडणारा कोण? आंबा. क्रियापदही त्याच्याच मागे जातं, आंबा आवडतो, कैरी आवडते. कर्ता आंबा. तू फक्त ‘ला’ लावून कडेला उभी.”

“म्हणजे इंग्रजीत गेलं की आंब्याचं कर्म होतं आणि मी कर्ता होते. हे किती उलटं आहे!”

“पूर्वी नव्हतं,” भाऊ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा वर्गातला उजेड आला. “जुन्या इंग्रजीत ‘लाइक’चा अर्थच आवडणं, पसंत पडणं असा होता. राजाला फळं आवडत असत, तेव्हा फळं कर्ता आणि राजा चतुर्थीत, अगदी आपल्यासारखा. प्रत्यय झडले, राजा वाक्यात पहिला बसलेला होता, म्हणून लोकांना वाटायला लागलं की तोच कर्ता. ‘मीथिंक्स’ हा शब्द शेक्सपिअरमध्ये सापडतो तो त्याच काळाचा अवशेष. ‘मला वाटतं.’ शब्दशः ‘मला’.”

“हे तू कधी शिकवलं नाहीस वर्गात?”

“अभ्यासक्रमात नव्हतं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग गठ्ठ्यातला पुढचा कागद तिने आपण होऊन त्याच्यापुढे सरकवला. भावाने पेनाचं टोपण काढलं, पहिली ओळ वाचली, टोपण परत लावलं.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“‘सर, माय मदर लाइक्स मी टू स्पीक इंग्लिश.’” तो कागद डोळ्यांपासून लांब धरून म्हणाला. “आता यात ‘मी’ कुणाचं कर्म म्हणायचं, ‘लाइक्स’चं की नुसतंच ‘स्पीक’चा कर्ता?”

लेक शेंगा बाजूला सारून त्याच्या शेजारी जाऊन बसली. सूप माझ्याकडे आलं.